काकूंचे द्रोण आणि काकांचा पायजमा

जयपूरच्या जगतपुऱ्यात आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं, तर बाल्कनीतल्या दोरीवर कपड्यांबरोबर पानांचे द्रोण वाळत घातलेले दिसतात. एकेका द्रोणाला एकेक चिमटा. नवीन कुरिअरवाला हमखास खाली विचारतो, आज कुठला सण आहे का. तळमजल्यावरच्या संतोषजी त्याला सांगतात, "त्योहार-व्योहार कुछ नहीं, मराठी भाभीजी का कारखाना है."

संतोषजी म्हणजे बाई. राजस्थानात संतोष हे बायकांचंही नाव असतं, हे मला इथे आल्यावर कळलं. आणि मराठी भाभीजी म्हणजे रत्नप्रभाकाकू.

काकू भंडारा जिल्ह्यातल्या, पवनीजवळच्या एका खेड्यातल्या. समुद्र त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिला, तोही लांबून, कारण वाळूत चपला काढून ठेवल्या तर कोणीतरी नेईल अशी त्यांना खात्री होती. त्यांच्या घरात आज समुद्राचं शेवाळ पिठाच्या डब्याशेजारी असतं, ही गोष्ट त्यांना स्वतःलाच मजेशीर वाटते.

त्यांचे यजमान उमाकांतकाका बँकेत अधिकारी होते. इटारसी, बेल्लारी, रायपूर अशा बदल्या करत ते मागच्या मे महिन्यात जयपूरला आले; नोकरीचं शेवटचं वर्ष. प्रत्येक गावात काकूंनी काहीतरी सुरू केलेलं होतं. इटारसीत भरतकामाचा वर्ग, बेल्लारीत वाळवणाचे पदार्थ करणाऱ्या बायकांचा गट. जम बसायला लागला की बदली यायची. काकू हे तक्रार म्हणून सांगत नाहीत. कुठल्या ट्रकमध्ये काय काय फुटलं हे सांगताना ओघात सांगून जातात.

मी सांगलीची. इथल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात, प्लास्टिकऐवजी वापरता येतील अशा पातळ पडद्यांवर काम करते. राहते तिसऱ्या मजल्यावर, संध्याकाळी जेवते काकूंकडे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात गाठलं होतं. "एकट्या जिवासाठी कुकर लावून राहिली का तू? ये खाली. दोघांत तिसरं पान काही जड नाही."

द्रोणांची सुरुवात एका ताटलीपासून झाली. जूनचे दिवस, बाहेर लूचा भाजणारा वारा चाललेला. काकूंनी चायना ग्रासची खरवसासारखी मऊ वडी केली होती. ताटलीत थोडं मिश्रण उरलं, ते ओट्यावर तसंच राहिलं. संध्याकाळी मी गेले तर काकू ती ताटली उजेडात धरून उभ्या. तळाला चिकटलेला थर वाळून कडेनं सुटला होता. त्यांनी नखानं कोपरा उचलला आणि अख्खा गोल, पारदर्शक पापुद्रा हातात आला.

"प्रणिता, हे पाह्य. ताटलीचं प्लास्टिक निघालं की काय?"

"काकू, ताटली स्टीलची आहे."

"मग हे काय निघालं?"

मी त्यांना सांगितलं, की चायना ग्रास हे मुळात समुद्रातलं लाल शेवाळ. ते उकळून, गाळून, वाळवून त्याच्या कांड्या करतात. मी कॉलेजात महिनोन्‌महिने ज्याचे पडदे ओतत होते, ती हीच वस्तू. काकूंनी पापुद्रा दोन्ही हातांनी ताणून पाहिला, जिभेला लावून पाहिला, मग खोलगट करून नळाखाली धरला आणि त्यात थोडं पाणी घेतलं.

"गळत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पळसाचे द्रोण लावायचो ना, लहानपणी मी एका बसणीत ढीग लावायची. पण पातळ काही वाढलं की काडीच्या भोकातून गळायचं. आता लग्नात पाहा, सगळे कागदाचे द्रोण, आतून प्लास्टिक. गाई खातात ते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून पळसाच्या पानांचे साधे द्रोण आणले. इथे त्याला दोना म्हणतात, पान तेच. चायना ग्रास उकळून द्रोणात ओतायचं, द्रोण हातात फिरवून उरलेलं परत पातेल्यात काढायचं आणि वाळवायचं. जयपूरच्या कोरड्या हवेत ते दुपारभरात वाळायचं. पानावर काचेसारखी पातळ झिलई चढायची आणि काडीची भोकं बुजून जायची. कॉलेजातल्या भट्टीत मला जे जमत नव्हतं, ते दोरीवर जमत होतं. यात आम्हा दोघींचीही काही कर्तबगारी नव्हती, हवेची होती.

गौरींना काकू गावी गेल्या, तेव्हा तिकडेही करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी द्रोणांना बुरशी. परत आल्यावर त्या म्हणाल्या, "हे पोर इथल्याच हवेत वाढणार."

पण एक अडचण होती. या द्रोणात गरम चालायचं नाही. पहिल्यांदा मोठ्या हौसेनं त्यांनी काकांना द्रोणात वरण वाढलं, तर काकांचा भात होईपर्यंत झिलई मऊ होऊन वरणातच उतरली आणि वरण ताटात. काका शांतपणे म्हणाले, "रत्ना, तुझ्या द्रोणानं वरण प्यायलं. मला काही उरलं असेल तर दे."

इथे काकांच्या पायजम्याबद्दल सांगायला हवं. काका घरात पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा पायजमा घालतात. त्याच पायजम्यात ते आमरस खातात, रस्सा ओरपतात. "नोकरीला लागलो तेव्हापासून एक डाग नाही," असं ते पाहुण्यांना सांगतात. काकू स्वयंपाकघरातून म्हणतात, "पडला की मी धुते, म्हणून नाही." काका ते ऐकू आलं नाही असं दाखवतात.

गरमाच्या अडचणीवर तोड संतोषजींनी काढली. त्यांचं माहेर जयपूरजवळच्या चाकसूचं. तिथे डुंगरीवर, म्हणजे टेकडीवर, शीतला मातेची मोठी जत्रा भरते. आदल्या दिवशी सगळा स्वयंपाक करून ठेवायचा, त्या दिवशी चूल पेटवायची नाही, मातेला आणि माणसांना सगळं थंड वाढायचं. त्यांचे भाऊ रामकिशनजी तिथे राबडीची सेवा चालवतात. बाजरीचं पीठ आंबट ताकात शिजवून, रात्रभर निववून केलेली राबडी, येईल त्याला.

"भाभीजी," संतोषजी म्हणाल्या, "हमारी माता को तो ठंडा ही चढ़ता है. भाई हर साल प्लास्टिकवाले दोने लाता है, दूसरे दिन पूरी डूंगरी पर वही उड़ते हैं. आप अपने दोने दो. चैत बदी अष्टमी को मेला है."

काकूंनी लगेच नागपूरहून आणलेलं मराठी कॅलेंडर उलगडलं, चैत्र वद्य अष्टमी शोधली, एप्रिलच्या पानावर लाल गोल केला. मीही मान डोलावली. संतोषजी त्याच आठवड्यात लेकीच्या बाळंतपणाला भीलवाड्याला गेल्या.

फेब्रुवारीअखेर काका निवृत्त झाले. फ्लॅट बँकेचा, एप्रिलअखेर सोडायचा. काकांचं सगळं ठरलेलं होतं. भंडाऱ्याला भावाशेजारी घर बांधून तयार, दारात विहीर. एका रात्री जेवताना ते म्हणाले, "ट्रकवाल्याशी बोलायला सांगतो दादाला."

काकूंनी भाकरी मोडता मोडता सांगितलं, "मी नाही येऊन राहिली."

काकांना ते कळायलाच वेळ लागला. "म्हणजे?"

"म्हणजे आतापर्यंत दरवेळी मी आली. आता एखाद वेळ तुम्ही थांबा. तिकडं माझे द्रोण वाळत नाहीत."

"द्रोणांसाठी जयपूरला राहायचं? माणसं काय म्हणतील?"

"बँकेसाठी बेल्लारीला राहिलोच ना. तेव्हा काय म्हणत होती माणसं?"

काका उठून हात धुवून आले. मला वाटलं आता आवाज चढणार. पण ते परत पाटावर बसले आणि दोन्ही हातांनी पायजम्याच्या चुण्या सारख्या केल्या. "ठीक. जत्रेला मी येतो. तुझा द्रोण या पायजम्यावर, मांडीवर ठेवून राबडी खातो. संपेपर्यंत. खालून एक थेंब आला नाही, तर घर आपल्या नावानं भाड्यानं घेऊ. आला, तर मुकाट्यानं सामान बांधायचं."

"हाव," काकू म्हणाल्या. "प्रणिता ऐकून राहिली आहे. मागाहून बदलू नका."

होळी झाली. काकू निवांत होत्या. लाल गोलाला अजून महिना होता. चायना ग्रास मागवायचं होतं, शंभरेक द्रोण तयार होते, बाकीचे सावकाश करू म्हणत होत्या. मग होळीनंतरच्या आठवड्यात एका सकाळी जिन्यात पुऱ्या-पुए तळल्याचा वास भरून राहिला. काकू विरजण मागायला खाली गेल्या. आदल्याच दिवशी भीलवाड्याहून परतलेल्या संतोषजींच्या ओट्यावर तीन दिवसांचं वाटावं इतकं रांधणं चाललेलं.

"आज क्या है, इतना?"

"रांधा-पुआ है, भाभीजी. कल मेला है ना. आपके दोने बँध गए?"

काकूंनी विरजणाची वाटी तिथेच ठेवली आणि वर येऊन मला फोन केला. मी कॉलेजातून आले तेव्हा काकू आणि संतोषजी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभ्या होत्या, आणि काका खुर्चीत बसून, हसू आवरत, त्यांना समजावत होते. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, इकडे पौर्णिमेला. होळी झाली की यांचा चैत्र लागतो. आपला चैत्र पाडव्याला. यांची चैत्र वद्य अष्टमी म्हणजे आपली फाल्गुनातली. लाल गोल एक महिना पुढे पडला होता.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?" काकूंनी विचारलं.

"आत्ता विचार केल्यावर कळलं," काका म्हणाले. "पण अट जत्रेची होती. एप्रिलची नव्हती."

संतोषजींनी कपाळाला हात लावला. "चैत तो चैत होता है. दो-दो चैत किसने बनाए?"

रामकिशनजींनी काकूंच्या भरवशावर प्लास्टिकचे द्रोण आणलेच नव्हते. पळसाचे साधे द्रोण चाकसूला पोत्यांत येऊन पडले होते, पण उघडे, भोकांसकट. काकूंचे तयार शंभरेक द्रोण तासाभरातच संपले असते, आणि घरात चायना ग्रास जेमतेम दोन पुड्या. आणखी मिळालं तरी आज उकळून, इतके द्रोण वाळवायला इमारतीची गच्ची पुरली नसती. आणि उद्या तिथे जाऊन करायचं, तर चूल पेटवायची नाही.

काकू सोफ्यावर बसल्या. काकांनी हसणं थांबवलं.

मला हिवाळ्यातला एक प्रयोग आठवला. तपकिरी शेवाळापासून अल्जिनेट नावाची पूड निघते. सांगानेरचे छपाईवाले रंग घट्ट करायला तीच वापरतात. खाण्याजोगी, शुद्ध केलेली बेकरीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. ती गार पाण्यात भिजते. पानाला खळीसारखी लावायची आणि कॅल्शियमच्या पाण्यात बुडवायची, की जागच्या जागी तिचा चामट पडदा होतो. उकळायचं नाही, वाळवायचं नाही. काकूंनी तेव्हा एकदाच करून पाहिलं होतं आणि नाक मुरडलं होतं. "दोनदोनदा कोण बुडवेल? आणि ओलं ओलं लागतं, शेंबडासारखं."

मी म्हटलं, "काकू, तो शेंबूड."

त्यांनी मान वर केली. "त्याला चूल लागत नाही."

"नाही."

"अहो," त्या काकांना म्हणाल्या, "गाडीची चावी द्या हिला. बेकरीवाल्याकडे जाऊ द्या."

"मीच नेतो," काका म्हणाले. "बँकेत असतो तर दुसऱ्या पक्षाला मदत केली म्हणून माझी चौकशी लागली असती."

अल्जिनेट पुरेसं मिळालं. कॅल्शियमची पूड मात्र कमी मिळाली, दुकानात तेवढीच होती. आम्ही मिक्सरमध्ये खळ घोटून दुधाच्या बरण्यांत भरली.

सकाळी चाकसूला पोचलो तर टोंक रोडपासूनच ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली. काकांनी आम्हाला सामानासकट सोडलं आणि गाडी लावायला जागा शोधत मागे गेले. डुंगरीच्या पायथ्याशी रामकिशनजींचा मांडव होता, राबडीचे माठ ओल्या गोणपाटात गुंडाळून ओळीनं ठेवलेले. रामकिशनजी मोठ्या मिशांचे, बोलायला मोजके. त्यांनी बरणीत बोट बुडवून पाहिलं आणि बहिणीकडे बघितलं. संतोषजी म्हणाल्या, "समंदर की घास है. बैठने दो इनको."

मांडवामागे काकूंनी पदर खोचला. त्या ब्रशनं खळ लावायच्या, मी टबात बुडवायची, संतोषजी झटकून पुढे द्यायच्या. रांगेतल्या एका म्हातारीला शंका आली.

"समंदर में तो मछलियाँ रहती हैं."

"कुएँ में मेंढक रहता है, माँजी," काकू हात न थांबवता म्हणाल्या. "पानी तो पीते हैं ना हम लोग."

म्हातारीनं द्रोण घेतला. राबडी खाल्ली, द्रोण उलटा करून पाहिला आणि दुसऱ्यांदा रांगेत उभी राहिली.

दुपार चढली तशी गर्दी वाढली आणि मी ज्याची सकाळपासून धास्ती घेतली होती ते झालं. कॅल्शियमचं पाणी पातळ पडलं. मग टबातून द्रोण काढले तरी खळ नुसतीच बुळबुळीत राहायला लागली. पूड संपली होती. काकूंच्या पुढ्यात खळ लावलेल्या, न बुडवलेल्या द्रोणांची चळत तयार होती. मी "थांबा" म्हणायच्या आत वाढणाऱ्या बाईनं ती चळत उचलून नेली. तिला काय ठाऊक.

"ओ बाई, वो कच्चे हैं," काकू मागे धावल्या. तोवर पाच-सहा द्रोणांत राबडी पडली होती.

आम्ही तिघी त्या द्रोणांच्या तळाकडे बघत उभ्या राहिलो. माणसं खात होती. खाली काही येत नव्हतं. काकूंनी एका रिकाम्या झालेल्या द्रोणात बोट फिरवलं. आत पडदा धरला होता, टबातल्यासारखाच, थोडा पांढरट.

"असं कसं?" त्यांनी मला विचारलं.

मग आंबट ढेकर देत गेलेल्या एका गृहस्थांनी उलगडा केला. ताक. दुधात कॅल्शियम असतंच. दूध आंबलं की ते मोकळं होऊन पाण्यात उतरतं. राबडी जितकी आंबट, तितकं ते जास्त. खळीला जे हवं होतं ते माठातच होतं. आम्ही टबाचा खटाटोप उगाच मांडला होता.

मी हे सांगत असताना काकूंचं लक्ष नव्हतं. त्या मांडवाच्या तोंडाकडे पाहत होत्या. काका येत होते, गाडी कुठेतरी फार लांब लावून, पायजमा दोन्ही हातांच्या चिमटीत धुळीतून वर उचलून धरत. एक ठिपकाही नव्हता त्यावर. ते मुकाट्यानं सतरंजीवर रांगेत मांडी घालून बसले आणि वाढणाऱ्या बाईनं त्यांना त्या न बुडवलेल्यांतलाच द्रोण दिला.

"प्रणिता, चांगल्यातला एखादा उरला नाही का?" काकू हळूच म्हणाल्या.

"काकू, धरेल तो. आत्ताच पाहिलं ना आपण."

"पाहिलं. पण दुसऱ्यांच्या मांडीवर पाहिलं."

द्रोणात राबडी पडली. काकांनी तो बरोबर मांडीवर, पांढऱ्या कापडाच्या मधोमध ठेवला. पहिला घोट घेतला. चव आवडली असावी, भुवया वर गेल्या. रामकिशनजीही येऊन उभे राहिले. संतोषजींनी त्यांना पायजम्याची हकिकत सांगितली होती. काका सावकाश खात होते. अर्धी राबडी झाली, पाऊण झाली. आसपासच्या माणसांना काही कळेना, की मराठी साहेबाच्या मांडीकडे चार माणसं टक लावून का पाहतायत.

मग काकांना राहवलं नाही. आयुष्यभर नोट उजेडाकडे धरून पाहायची सवय. त्यांनी द्रोण उचलला, डोळ्यांसमोर धरला, तळ नीट दिसावा म्हणून कलता केला आणि उरलेली सगळी राबडी त्यांच्या मांडीवर ओतली गेली.

पांढऱ्या पायजम्यावर बाजरीच्या राबडीचा तळहाताएवढा डाग पसरत होता. काकूंनी खोचलेला पदर सोडला. मला वाटतं त्या मनातल्या मनात भांडी कागदात गुंडाळायला लागल्या होत्या.

काकांनी डागाकडे पाहिलं. मग द्रोणाच्या तळावरून बोट फिरवलं, ते बोट काकूंना दिसेल असं वर धरलं.

"कोरडा आहे," ते म्हणाले. "हे मी सांडलं."

"डाग पडला ना पण," काकू म्हणाल्या.

"पडला. माझ्या हातानं पडला." स्वतःच्या पायजम्यावर डाग पडला, असं काकांच्या तोंडून निघालेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी रिकामा द्रोण रामकिशनजींपुढे धरला. "भाईसाहब, थोड़ी और मिलेगी? इस बार हिलाऊँगा नहीं."

रामकिशनजींनी स्वतः वाढली. दुसरा द्रोण काकांनी मांडीवर ठेवून शेवटपर्यंत खाल्ला, आणि उठताना सतरंजीवरचा एकही माणूस राहू नये अशा बेतानं तळ सगळ्यांना दाखवला. रामकिशनजी काकूंना म्हणाले, "नवरात में भी भंडारा होता है, भाभीजी. पर उसमें दाल गरम होगी."

"गरमचं पाहू," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहिलं. "जमेल ना काही?"

"बघूया," मी म्हटलं.

परतताना गाडी मी चालवली, कारण काकांना ओल्या पायजम्यानं सीटवर नीट बसता येईना; ते वर्तमानपत्र पसरून मागे बसले. शिवदासपुऱ्याजवळ त्यांनी भावाला फोन लावला.

"दादा, ट्रकवाल्याला नको म्हणून सांग... नाही रे, तब्येत उत्तम आहे. डाग पडला माझ्या पायजम्यावर... अरे, म्हणून नाही येत. तू पाडव्याला ये इकडे, मग सांगतो. आणि पाडवा आपलाच धर, यांचा विचारू नको."

फोन ठेवल्यावर त्यांनी पुढे वाकून काकूंच्या खांद्याला बोट लावलं. "रत्ना, हा निघेल ना गं?"

"निघेल," काकू म्हणाल्या. "गरम पाणी लागेल. आज घरात चूल नाही. उद्यापर्यंत राहू द्या तसाच."